पुळणीतला झरा

अण्णा, मी स्कूटर चालवायला शिकलो. त्रेपन्नाव्या वर्षी, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, रविवारी सकाळी, तुमच्या नातीकडून. पाय जमिनीला लावू नका, असं ती मागून सांगत होती आणि मी दर दहा पावलांवर लावत होतो. मैदानाला फेऱ्या मारणारी माझ्याच वयाची मंडळी थांबून बघत होती. तुम्ही आयुष्यभर दुचाकीला हात लावला नाहीत. गिरगावातल्या शाळेत चालत गेलात, संस्कृत शिकवलंत, चालत घरी आलात, आणि माझ्याबद्दल एकदाच निकाल देऊन टाकलात की तोल सांभाळणं याच्या पत्रिकेत नाही. पत्रिका बरोबर होती. तरी मागच्या महिन्यात मी पाठीवर नातीची सॅक टाकून, भाड्याच्या स्कूटरवरून, तुमच्या गावाच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे त्या दिवशी बाणगंगेवर समोरच्या भिंतीवर जो बसला होता त्याच्याशी तुमचा काही संबंध असेल, तर ठाऊक आहे. दहावा दिवस, ऊन चढलेलं, पिंड मांडलेले आणि कावळा शिवेना. काकांनी सगळं सांगून पाहिलं. आईला सांभाळू, पुस्तकं रद्दीत घालणार नाही, नातीला संस्कृत घ्यायला लावू. कावळा मान वळवून दुसरीकडे बघत राहिला. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा वळायला घेतला. शास्त्रात तशी सोय आहे. आपल्या शास्त्रात सगळ्याचीच सोय आहे. पण गाईड वापरणाऱ्या मुलांना जन्मभर वर्गाबाहेर काढणाऱ्या माणसाला दर्भाच्या कावळ्यावर निरोप द्यायचा, हे मला बघवेना. मी हात जोडले आणि म्हणालो, आईला तुमच्या गावच्या पुळणीवर नेईन, झऱ्याचं पाणी पाजीन. तो उतरला. उपाशी होता की तुमचा होता, कोण जाणे. काकांनी मात्र घरी जाऊन, चपला काढायच्या आधी, आईला ते सांगितलं.

झऱ्यावरून आपलं एकदा वाजलंही होतं. मी तेव्हा सातवीत. आपण चौपाटीवर भेळ खातोय, तुम्ही नेहमीसारखे समुद्राकडे पाठ करून बसला आहात. हा समुद्र म्युन्सिपाल्टीचा, असं तुमचं मत. खरा समुद्र आमच्याकडे. तिथे ओहोटी लागली की पुळणीत, लाटेपासून चार पावलांवर, काळ्या खडकापाशी गोड्या पाण्याचा झरा उघडा पडतो. तुमची आई तिथून कळशी भरायची. लग्नानंतर तुम्ही माझ्या आईला एकदाच तिकडे नेलंत, एका दुपारपुरतं, कारण भावकीच्या भांडणामुळे घराची पायरी चढायची नव्हती. आणि ओंजळीतून तिला ते पाणी पाजलंत. मी शाळेत नुकतंच शिकलेलं विज्ञान पाजळून म्हणालो, शक्य नाही, ते खारटच असणार. तुम्ही रागावला नाहीत. भेळेचा कागद घडी करून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "जे चाखलं नाहीस त्याची चव सांगू नये."

वचन द्यायला एक सकाळ लागली, आणि न पाळायला बारा वर्षं पुरली. आधी माझी नोकरी, मग नातीची दहावी, मग चाळ पाडायला काढली म्हणून प्रभादेवीला भाड्याच्या घरात, मग परळला एकोणिसाव्या मजल्यावर. तिथून दोन टॉवरांच्या मधून समुद्र दिसतो, साडीच्या काठाएवढा. आईने कधी आठवण करून दिली नाही. तिने एवढंच केलं, की मोरपिशी रंगाची एक सुती साडी डांबरगोळ्या घालून कपाटात वेगळी ठेवली. नातीच्या वाढदिवसाला नेस म्हटलं तर म्हणायची, "ती तिकडे नेसायची आहे." गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. आता तासभरापेक्षा जास्त बसवायचं नाही, प्रवासाचं तर नावच नको, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. ही मान मी बारा वर्षं डोलावतोच आहे. शेवटी आईनेच तोडगा काढला. तू जा आणि फोनवर दाखव, बुधवारी चार वाजता, तेव्हा ओहोटी असेल का ते बघून घे, म्हणाली.

मालवणात जिने मला गाडी दिली, तिने माझ्याकडे आणि सॅककडे बघून आधी डिपॉझिट घेतलं. मग म्हणाली, "गाडी पडली तर माका फोन करा. तुमी पडलात तर पयली गाडी उचला, मगे फोन करा." मी दोनदा पडलो, दोन्ही वेळा गाडी आधी उचलली. सोमवारी निघालो. थेट तुमच्या गावी जायला दोन तास पुरले असते, मी दोन दिवस लावले. वाटेत दिसेल त्या पुळणीवर उतरत गेलो. लाल माती, उतारावर आंब्याच्या बागा, एकदम वळण आणि खाली सगळा समुद्र. एका खाडीवर स्कूटर होडीत चढवली, ती चार जणांनी धरली आणि मला कोणीच धरलं नाही. एका किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत मी दुपारभर झोपलो. खरं सांगायचं तर मजा आली, अण्णा. तुमच्या कामाला निघालेला माणूस इतका खुशीत असावा का, असा प्रश्न पडला आणि मी तो हेल्मेटमध्ये तसाच ठेवला.

बुधवारी दुपारी तुमच्या गावात पोचलो. देऊळ सापडलं, पायवाट सापडली. तिच्या शेवटी पुळण नव्हती. दगडांचा बंधारा होता, माझ्या डोक्याच्या वर, आणि पलीकडे ओहोटीचं पाणीही थेट दगडांना लागून. वर एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत बसले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, पुळण दर्यान खाल्ली, वर्षाला थोडी थोडी. मग माड पडायला लागले, म्हणून दगड टाकले. मी खडकाचं विचारलं, झऱ्याचं विचारलं. त्यांनी सुई दगडांच्या खाली दाखवली. "हय खालीच आसा. आता कोण बगतला?"

मी खाली उतरून दोन दगडांमधल्या फटीत हात घालून पाहिला. कशासाठी, ते विचारू नका. कोपरापर्यंत गेला, बोटांना शेवाळ लागलं. सव्वातीन वाजले होते, फोनला रेंज नव्हती. गाडी काढली आणि टेकडीपलीकडच्या गावच्या पुळणीवर गेलो, आईला फोन करून जे आहे ते सांगायला, अगदी तेवढ्यासाठीच. ती पुळण लांबरुंद, सुंदर. एका टोकाला काळा खडकही. मासे वाळत घालणाऱ्या बाईंना विचारलं, इथे झरा आहे का. नाही, हसून म्हणाल्या, पाणी आम्ही विहिरीचं पितो.

चार वाजता मी फोन लावायच्या आधी आईचाच आला. तिची देखभाल करणाऱ्या ताईंनी फोन धरला होता. आई पलंगावर उशांना टेकून बसली होती, आणि तिने मोरपिशी साडी नेसली होती. आडवं पडून नेसायला पाऊण तास लागला, असं ताई म्हणाल्या. घड्या तशाच दिसत होत्या. कपाळावर केस ओले करून बसवलेले. मी तोंड उघडलं आणि फोन समुद्राकडे वळवला.

तिने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "खडक लहान झाला रे." मी म्हणालो, माणसं मोठी झाली की सगळं लहानच दिसतं. तिला ते पटलं. "झरा?" मी खडकापाशी गुडघे टेकले, ओल्या वाळूत हाताने खड्डा केला. ओहोटीच्या वाळूत कुठेही खणलं तरी पाणी वर येतं, हे आता तुमच्याशी वाद न घालता सांगतो. ते आलं. जरा निवळलं.

"पी," आई म्हणाली.

मी ओंजळ भरली आणि प्यायलो. ती फोनमध्ये पुढे वाकायला बघत होती, ताईंनी तिचा खांदा धरला.

"गोड आहे?"

"गोड आहे."

ती मागे टेकली. झऱ्यापाशी तुम्ही तिला काय म्हणाला होतात, ते तिने मग मला सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ते इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. साडी आता धुवायला टाका, असं तिने ताईंना सांगितलं आणि फोन बंद झाला.

परत आलो तेव्हा ती झोपली होती. त्यानंतर तिने झऱ्याचा विषय काढलेला नाही, कपाटात वेगळं काही ठेवलेलं नाही. सगळं मिटलं, असं तिला वाटतं. मी रोज तिच्यासमोर चहा पितो, आणि दोन टॉवरांच्या मधला तो समुद्र दिसू नये म्हणून हल्ली खिडकीकडे पाठ करून बसतो. हे पत्र घडी करून तुमच्या शब्दकोशात ठेवणार आहे. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही.

न चाखता चव सांगू नये, हे तुमचं मी ऐकलं, अण्णा. चाखल्यावर सांगितली. ते पाणी खारट होतं.