टोपीवरचे तीन दिवे

झाशी, रेल्वे कॉलनी
१४ नोव्हेंबर

प्रिय सुमेध,

आशीर्वाद. मृदुला मजेत, ऋताचा बारावीचा अभ्यास जोरात, आणि तुझ्या वाटणीचा चिवडा मीच संपवला. फोन केला असता, पण आमच्या क्वार्टरच्या भिंती तुला ठाऊक आहेत. इथे शिंकलं तरी पलीकडून "जीते रहो भैया" ऐकू येतं. म्हणून कागद.

तू पुण्याहून पाठवलेला, डोक्याची हालचाल टिपणारा हेड ट्रॅकर मिळाला. "दादा, ते टोपीचं कबाड आता फेकून दे" अशी चिठ्ठी घालायची काय गरज होती रे? जुन्या रिमोटांतले तीन इन्फ्रारेड दिवे मी टोपीला लावले होते, कॅमेऱ्याला फक्त तेच दिसावेत म्हणून वेबकॅमच्या भिंगापुढे फोटोच्या निगेटिव्हचा काळा तुकडा चिकटवला होता, सॉफ्टवेअर फुकटचं. डोकं वळवलं की कॉम्प्युटरवरच्या गेममधल्या इंजिनाच्या केबिनमध्ये नजर वळायची. खरी गाडी चालवून घरी येतो आणि पुन्हा गाडीच चालवतो म्हणून तू हसतोस. हस बाबा.

तुझं यंत्र चांगलं आहे. हेडफोनला चिमटा लावला की काम झालं, चित्र कसं अलगद फिरतं. माझ्या टोपीत थरथर असते, खिडकीतून ऊन आलं की ती बावचळते, वायर कानाला टोचते ती वेगळीच. मान्य, हरलो.

पण टोपीला एक खोड होती. सरळ बसून मधला बिंदू ठरवला तरी थोड्या वेळाने चित्र डावीकडे वळायचं. मी दिवे काढून पुन्हा लावले, कॅमेरा हलवला, टोपी बदलली, तिला शिव्या घातल्या. मग तुझं यंत्र लावलं. तेही डावीकडेच वळलं.

विकतचंही भंगार, असं म्हणत मी मृदुलाला खुर्चीत बसवलं. तिने आधी तुझं लावलं, मग माझी टोपी घातली. चित्र जागचं हललं नाही. "यंत्रांना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच मान वळवून बसता हो. जेवतानासुद्धा." मी तिच्यावर ओरडलो. उगाच ओरडलो.

मान वळवल्याशिवाय मला डावीकडचं दिसत नाही, सुमेध. आणि आमचे बहुतेक सिग्नल डावीकडे असतात.

सिग्नल दिसला की केबिनमध्ये एकाने मोठ्याने पुकारायचा, दुसऱ्याने हात उचलून परत म्हणायचा, असा नियम आहे. माझा सहायक कौशिक, पोराची नजर तेज, नेहमी आधी पुकारतो. मी मागून म्हणतो. त्यातलं किती बघून म्हणत होतो आणि किती त्याचं ऐकून, देव जाणे. मागे डबेच्या डबे भरून माणसं असतात रे.

तरी गप्प बसायचं ठरवलं होतं. रेल्वेची पुढची वैद्यकीय तपासणी येईपर्यंत रेटू, ऋताची बारावी होऊ दे. काल दतिया स्टेशनच्या अलीकडे कौशिकला खोकला आला, पुकारायला उशीर झाला. मी वाट बघत होतो. सिग्नलची नाही, त्याच्या आवाजाची. "सर, यलो!" तो ओरडला. मी ब्रेक लावला आणि तोंडातून निघून गेलं, "मुझे नहीं दिखा, बेटा." झाशीला उतरल्यावर, आमच्या ड्युट्या लावतात त्या लॉबीत जाऊन मी स्वतःच सांगितलं की आता मला गाडी देऊ नका, डोळे दाखवायचे आहेत. उद्या दवाखान्यात जातोय. पुन्हा इंजिनावर चढेन की नाही, माहीत नाही. मृदुलाशी अजून बोललो नाही. हे पत्र टाकून आलो की सांगणार.

बाबा जेवताना मान वाकडी करायचे, आठवतं? आपण नक्कल करून हसायचो. काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. मुलांचे डोळेही तपासत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपण कुठे तपासले?

म्हणून तुझं यंत्र परत पाठवतोय. रुसून नाही. चिमटा लाव, सरळ बस आणि खेळत राहा. चित्र कुठेही वळलं तर यंत्राला शिव्या घालू नकोस. नाही वळलं तरी डॉक्टरकडे जा. टोपी मी ठेवून घेतली आहे.

मी घाबरलोय रे. तू डोळे दाखवून आलास की लगेच फोन कर. भिंतींनी ऐकलं तरी चालेल.

तुझा दादा,
पराग