आकृतीत नसलेला कपॅसिटर

उमरगा,
१२ फेब्रुवारी

प्रिय सोहेल,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. चार वर्षांनी मल्लिनाथ सरांना आता हे कुठून सुचलं? फाडू नकोस बाबा. आत एक अर्ज आहे. त्यावर सही करून पंचवीस तारखेच्या आत तंत्रनिकेतनात पोचता कर. तुझी नोंदणी यंदापर्यंतच आहे. ही तारीख गेली की डिप्लोमा कायमचा गेला. फोन केला होता, पण माझा आवाज ऐकून तू कट केलास. म्हणून लिहायला बसलो.

माझं म्हणशील तर दमलोय. मे महिन्यात निवृत्ती. दोन जिने चढून वर्गात गेलो की आधी खुर्ची शोधतो. बायको, श्रीदेवी, म्हणते, आता घरी बसून भिंतींना शिकवू नका म्हणजे झालं. सत्तावीस वर्षं तेच ते, ट्रान्झिस्टरचं स्मॉल सिग्नल मॉडेल. पुरवठ्याचा डीसी शून्य धरा, कपॅसिटर म्हणजे सरळ तार धरा, ट्रान्झिस्टर खोडून त्याच्या जागी एक रेझिस्टर आणि एक करंट सोर्स काढा, मग गेन काढा, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते. झोपेत विचारलं तरी सांगीन. आणि खरं सांगू का, गेली कित्येक वर्षं झोपेतच शिकवतोय. पोरंही माझ्या वरताण. आकृतीकडं न बघता पाठ केलेलं उत्तर उतरवतात, मी लाल टिक करतो, दोघंही खूश.

तू तसला नव्हतास. लई डोकं खायचास. तुमच्या गावी, बेंबळीला, लग्नात आवाज वाढवला की स्पीकर फाटल्यागत का वाजतो, असं तू एकदा भर तासाला विचारलंस आणि मी सिलॅबसमध्ये नाही म्हणून तुला खाली बसवलं. उत्तर अवघड नव्हतं रे. हे मॉडेल छोट्या सिग्नलपुरतंच खरं. सिग्नल मोठा झाला की ट्रान्झिस्टर सरळ वागायचं सोडतो. मला सांगायचा कंटाळा आला होता, दुसरं काय.

ती चाचणी तू विसरला नसशीलच. ट्रान्झिस्टरच्या एमिटर टोकाला जोडलेल्या रेझिस्टरला समांतर कपॅसिटर असला की सिग्नलपुरता तो रेझिस्टर नाहीसा होतो, म्हणून गेन एकशे ऐंशी. सगळ्या वर्गाचं उत्तर तेच. तू रेझिस्टर तसाच ठेवलास आणि गेन काढलास साडेचार. मी तुझा पेपर वर्गात उंच धरून विचारलं, हा ॲम्प्लिफायर आहे का मस्करी? पोरं हसली. मीही हसलो. सहा मार्कांच्या प्रश्नाला भोपळा आणि तू तीन मार्कांनी नापास. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी तुझं नावच साडेचार ठेवलं, आणि ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फेरपरीक्षेला तू आलाच नाहीस. आता वाशीत साउंड सिस्टिम दुरुस्त करतोस असं कळलं. हात चांगला आहे म्हणतात तुझा.

गेल्या आठवड्यात तोच प्रश्न नव्या वर्गाला दिला. अलिजा नावाची मुलगी उठून म्हणाली, सर, यात कपॅसिटर कुठंय? मी खेकसलो, डोळे उघडून बघ. ती निमूट कागद घेऊन टेबलापाशी आली. चष्मा लावून बघितलं, तर खरंच नव्हता. चार वर्षांपूर्वी ती आकृती मीच हातानं काढली, सवयीनं भराभर, आणि कपॅसिटर काढायचाच राहिला. तेव्हापासून त्याच कागदाच्या झेरॉक्स वाटतोय. घरी येऊन जुन्या गठ्ठ्यातून तुझा पेपर शोधला. अख्ख्या वर्गात समोरची आकृती फक्त तू सोडवली होतीस. तू बरोबर होतास, सोहेल. मी चुकलो. विभागप्रमुख म्हणाले, जाता जाता कशाला हा उपद्व्याप, झाकली मूठ राहू द्या. पण मी लेखी दिलंय. वर्गातही तुझं नाव घेऊन सांगितलं. मार्क दुरुस्त होतील, फक्त परत प्रवेशाच्या अर्जावर सही तुझीच लागते, ती मला करता येत नाही. तू नापास झालास त्या वेळी तुझे अब्बा, नबीलालभाई, माझ्यापुढं हात जोडून उभे होते. पोराला एखाद्या धंद्याला लावा, असं मी त्यांना सांगितलं आणि बसासुद्धा म्हणालो नाही. रविवारी बेंबळीला जाऊन त्यांची माफी मागणार आहे. तू मला माफ करू नकोस, मी मागतही नाही. माझ्यावरचा राग जन्मभर ठेव, पण तो त्या अर्जावर काढू नकोस. सही कर, बाळा.

तुझाच, जमलं तर अजूनही,
मल्लिनाथ सर