समोरचा फलाट

सोमवार, २ मार्च
आले बाई एकदाची सिडनीला. ब्रोकन हिलच्या खाणीत अकरा वर्षं काढली, आता इथेही जमिनीखालीच. नशिबात ऊन नाही. पण हे नवं टॅलो हिल स्टेशन देखणं आहे. फलाट एकच, मधोमध. दोन्ही अंगांना रूळ आणि रुळांपलीकडे कोरी भिंत. मला अशीच रचना आवडते, माणसाला चुकायला जागाच नाही. काम सोपं: स्वयंसेवक फलाटावर उभे करायचे, भोंगा वाजवायचा, चार मिनिटांत सगळे वर आले की सुरक्षिततेच्या कागदावर माझी सही. शनिवारी स्टेशन लोकांसाठी उघडायचंय. कामातला जोडीदार फाताई टोंगा बेटांवरचा आहे, दारातून वाकून येणारा. लॉर्ना, खाणीतल्या लोकांना गोड चालत नाही ना, म्हणाला आणि माझा लॅमिंग्टन केकही खाऊन मोकळा झाला.

मंगळवार, ३ मार्च
पहिली चाचणी. खाली तीनशे बारा, वर तीनशे अकरा. वेळ तीन मिनिटं चाळीस सेकंद. मुख्य अभियंता व्हर्नन पाईक वेळेवर खूश, आकड्याकडे ढुंकूनही बघेना. मोजणाऱ्याने घोळ घातला असेल, म्हणे. मोजणारी मी होते. कमी भरलेला माणूस डेस हॉलोरन, सत्तरीतला निवृत्त बसचालक. कंटाळून घरी गेला असेल, असं पाईकचं मत. कोट खुर्चीवर टाकून? पाणी कुठेतरी मुरतंय.

बुधवार, ४ मार्च
डेसच्या बायकोला, मरीनला, फोन केला. तो घरी पोचलाच नाही. बिचारी रडायलाच लागली. पोलिसांनी बोगदा पालथा घातला. जिन्यावरच्या कॅमेऱ्यात डेस उतरताना दिसतो, चढताना नाही. पाईक म्हणतो, राईचा पर्वत करू नकोस, शुक्रवारी पुन्हा चाचणी घे आणि सही करून टाक. फाताई माझी नजर चुकवत होता. खोदून विचारल्यावर बोलला. भोंग्याआधी डेसने त्याला सांगितलं होतं की समोरच्या फलाटावरचे लोक आपल्याला हात करताहेत. फाताईला वाटलं, म्हातारा फिरकी घेतोय.
समोर फलाट नाही. समोर भिंत आहे.

गुरुवार, ५ मार्च
फलाटाच्या कडेवरून भिंतीवर लेझर मापक धरलं. नकाशात अंतर चार मीटर वीस. मापक म्हणतं बारा मीटर सत्तर. तीनदा घेतलं. खाली उतरून हाताने चाचपली, तर भिंत जागच्या जागी.
पाईकला आकडा दाखवला. तो दचकला नाही, हेच मला खटकलं. माझ्याआधीची बाईही हेच माप घेऊन आली होती म्हणे, पण दुसऱ्या दिवशी तिने बोगद्याच्या कागदावर निमूट सही केली. ती आता कुठे असते, विचारलं. तो लिफ्टमध्ये शिरला.
मी सही करणार नाही. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू.

शुक्रवार, ६ मार्च
चाचणी झाली. सगळे वर गेले. मी मागे थांबले. वरच्या तारांची वीज बंद आहे.
डेस दिसतोय. समोर. फलाट आहे तिथे, माणसं आहेत. दोन्ही हात हलवतोय. जिन्यावरच्या फाताईला ओरडून सांगितलंय, दोन मिनिटांत त्याला घेऊन —

शुक्रवारच
ओलांडले रूळ. डेस रडत होता. हात करत नव्हतो गं पोरी, म्हणाला, परत जा म्हणत होतो.
इथे जिना नाही. रुळाकडे पाय टाकते, तर पुन्हा फलाटावरच —
फाताई पलीकडे, स्टेशनच्या फलाटावर उभा. थेट माझ्याकडे बघतोय. त्याला भिंत दिसतेय.
त्याच्या शेजारी एक बाई. माझं जाकीट. माझं तोंड. पाईकने कागद पुढे केला. तिने सही —

शनिवार
उघडलं. लोक उतरताहेत. पोरंबाळं, बाबागाड्या. आम्ही सगळे ओरडतोय, हात हलवतोय. कोणी बघत नाही.
मरीन आलीय. डेसचा फोटो लोकांना दाखवत फिरतेय. कडेशी आली. मान वर केली —
तिला तो दिसला. हसली.
डेस ओरडतोय, नको, मागे हो. गाडीचा दिवा दिसतोय. मरीनने एक पाय