अण्णांसाठी वेगळा कापलेला व्हिडिओ

शुक्र. ७ नोव्हें.
सकाळी ९ चा शो. त्या लढायांच्या पिक्चरचा भाग २ एकदाचा लागला. मी माइक घेऊन थिएटरच्या दारात, नेहमीसारखी. लोक बाहेर पडताना कोणी कोणाशी बोलेना, तेव्हाच कळलं.
शनिवार पेठेतले एक काका: "भाग एकची पुण्याई होती, भाग दोनमध्ये संपवली." एक बाई: "त्यातला नाग तेवढा बरा होता. त्याने तरी अभिनय केला." कॉलेजची पोरं तर माइकच सोडेनात. "ताई, फाइट बघून हसून हसून मेलो. सगळे उडतायत, खाली कोणी उतरतच नाही!"
केदार (आमच्या यूट्यूब चॅनेलचा मालक, वय २८, घाई ४८ ची) जाम खूश. "वैशाली, सोनं आहे हे. दुसरा शो सुटायच्या आत टाक." टाकला.
त्या फाइटच्या पुढे नाव आमच्या अण्णांचं. 'युद्धकला मार्गदर्शन'. सुरुवातीची पाच मिनिटं आत जाऊन बघून आले होते. अख्ख्या पडद्यावर वडिलांचं नाव, डोळे भरून आले. आणि अडीच तासांनी तेच लोक दात काढत बाहेर.
अण्णांचा फोन. "काय म्हणतायत लोक?"
म्हटलं, गर्दी आहे, नंतर सांगते.

शनि. ८
सांगितलं नाही. अण्णांचा गुडघा बदलून तीन आठवडे झालेत. डॉक्टरांनी एका जागी तास-दोन तास बसायला मनाई केलीय, नाहीतर पहिल्या शोला पहिल्या रांगेत तेच असते. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून खडकीच्या मैदानावर पोरांना लाठी-पट्टा शिकवणं, हेच त्यांचं जग. आता ते मैदानही बंद. पलंगावर पडून दिवस मोजत होते ते या पिक्चरसाठी. आईला म्हणत होते, लोकांच्या तोंडून ऐकायचंय मला.
आणि काय ऐकवू? नागाने अभिनय केला?
यूट्यूब उघडायला त्यांना मी लागते, एवढं एक बरं. "व्हिडिओ अपलोड होतोय" अशी थाप मारली.
मग बसले. जुनी हार्ड डिस्क काढली. भाग १ च्या वेळच्या प्रतिक्रिया सगळ्या आहेत त्यात. "काय पट्टा फिरवलाय!" "अंगावर काटा आला!" "शिकवणाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात." कोणी भाग एक, भाग दोन म्हणत नाही, नुसतं पिक्चर म्हणतात. मागचं पोस्टर फ्रेमबाहेर घालवलं. चार मिनिटांचा झकास व्हिडिओ. पोटापाण्यासाठी रोज हेच तर करते.

रवि. ९
दाखवला. टीव्हीला जोडून, मोठा.
अण्णांनी टीव्हीवरून डोळे हलवले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत. मग पुन्हा. चौथ्या वेळेला त्यांनी चष्मा काढून पुसला. आई तर रडलीच, आणि रडत रडत शिरा करायला गेली.
मला इतकं हलकं वाटलं! खोटं तर खोटं. कोणाचं काय बिघडलं?

मंगळ. ११
रोज व्यायाम झाला की लावायला सांगतात. व्यायाम शिकवायला येतो त्या मुलालाही दाखवला. त्यांच्या फोनवरही दिलाय, पण पुढे कोणाला पाठवला नाही. सकाळचे फुलांचे मेसेज अख्ख्या नातेवाइकांना जातात, हा एकालाही नाही. आई म्हणाली, "नजर लागेल म्हणून नसतील पाठवत." असेल.
थिएटरवर आज ऋता भेटली. अण्णांची जुनी विद्यार्थिनी, चार वर्षं पट्टा शिकली. माझा माइक दिसल्यावर फणकाऱ्यानेच आली. "पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत असते. मनगट वळूच शकत नाही. आणि हा हीरो पोळी लाटल्यासारखं मनगट फिरवतोय! आमच्या सरांनी असं कधीच शिकवलं नाही. सरांचं नाव कशाला लावलं मग पिक्चरवाल्यांनी?"
पाच दिवसांत एकच माणूस अण्णांच्या बाजूने बोललं. आणि मी तेच कापलं. कारण तिने नावाचा विषय काढला, आणि खाली कमेंटमध्ये लोक त्याच नावाला झोडपतील. कापलं खरं. जेवण गेलं नाही.

गुरु. १३
पिक्चरवाल्यांचा फोन अण्णांना. भाग ३ करतायत. (एवढं होऊनही! कमाल आहे.) सर तुम्हीच हवे, करार पाठवतो वगैरे. मी शेजारीच होते.
अण्णा म्हणाले, "बघतो."
एरवी उडी मारली असती, गुडघ्यासकट. आई म्हणाली, "अहो, हो म्हणून टाका की." तर म्हणे, "म्हणेन गं. घाई काय आहे."
काहीतरी बिनसलंय. विचारायची हिंमत नाही.

शनि. १५
आज सगळं संपलं.
चहा झाल्यावर अण्णांनी व्हिडिओ लावला आणि मधेच थांबवला. आताशा त्यांना स्वतःला थांबवता येतो, मीच शिकवलं. म्हणाले, "वैशू, हा निळ्या शर्टातला मुलगा बोलतोय ना, त्याच्या मागे बघ. पिशवी घेऊन कोण उभंय?"
बघितलं. सदाकाका.
अण्णांच्या बरोबर तीस वर्षं कारखान्यात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेले. मीच हॉस्पिटलमधून रिक्षा करून काकूंना घरी आणलं होतं. आणि मला माझ्याच व्हिडिओत दिसले नाहीत. मी फक्त बोलणाऱ्याचं तोंड बघते, मागचं बघायची सवयच राहिली नाही.
अण्णा म्हणाले, "सदा कसा गं गेला भाग दोनला?"
मी कपबश्या गोळा करायला लागले, तर तेच पुढे म्हणाले,
"पहिल्याच वेळेला दिसला मला. म्हटलं, सांगशील तू."
"मग रोज कशाला लावत होतात?"
"त्याला बघायला. हलताना दिसेल असं दुसरं काही नाही माझ्याकडे."
मी रडले. माफी मागितली. ते म्हणाले, "खरा दाखव आता." शुक्रवारचा दाखवला, पूर्ण. नागाच्या वाक्याला हसले थोडं. "बाईंना कळतंय," म्हणाले. मग ऋताचा कापलेला तुकडाही दाखवला. तो बघून उठले, वॉकर धरला आणि आत गेले.
संध्याकाळी एवढंच विचारलं, "जेवलीस का?" त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं.

रवि. १६
दुपारचा शो सुटला. मी दारात. केदारला दुसऱ्या आठवड्याचा व्हिडिओ हवाच. गर्दीत खाली मान घालून एक म्हातारे येताना दिसले, सवयीने माइक पुढे केला. "काका, कसा वाटला पिक्चर?"
वर बघतात तर अण्णा! वॉकर, इस्त्रीचा पांढरा शर्ट. आईला दवाखान्यात जातो सांगून एकटेच रिक्षाने आले होते. अडीच तास बसले त्या गुडघ्यावर. मी धरायला गेले तर म्हणाले, "थांब. तू विचारलंस ना, ऐक."
कॅमेऱ्यात बघून बोलले. जसं आठवतंय तसं लिहिते:
"या मारामारीच्या पुढे नाव आहे ते माझं. भाग एकला हीरो सहा महिने मैदानात घाम गाळत होता. या वेळी चार दिवस आला. मी म्हटलं, मनगट मोडतंय याचं, अजून महिना द्या. ते म्हणाले, सर, बाकीचं कंप्युटरवर करू, तुमचं नाव पहिल्यापेक्षा मोठं टाकू. मी हो म्हटलं. मला मोह झाला. लोक हसले ते बरोबर हसले. ज्यांनी माझ्याकडे मुलं शिकायला पाठवली, त्यांची माफी मागतो."
मग माझ्याकडे वळून, "यातलं काही कापू नकोस."
आजूबाजूचे लोक थांबून ऐकत होते. कोणी हसलं नाही. रिक्षात सगळा रस्ता त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" म्हणाले, "तू तरी कुठे सांगितलंस?"

सोम. १७
केदारने क्लिप बघितली. नाचायचाच बाकी होता. "खुद्द मास्तर! ताबडतोब टाक, राज्यभर फिरेल." चार फोन येऊन गेले त्याचे. मी उचलत नाहीये.
टाकली तर भाग ३ गेला. तो गेला तर गेला, पण खाली लोक काय काय लिहितील, ते मी रोज वाचते, मला माहितीय. सत्तर वर्षांच्या माणसाला सोडणार नाहीत. नाही टाकली तर मी त्यांना पुन्हा एकदा कापलं.
आईचं म्हणणं, "माफीचं तेवढं ठेव, मोहाचं काढ." मी खरंच बसले तसं करायला. मोहाचं काढलं की बिचारे फसवले गेलेले गृहस्थ दिसतात. माफीचं काढलं की तक्रार करणारे म्हातारे. अण्णा दोन्हीत नाहीत.
पिक्चरवाल्यांचा करार आलाय, टेबलावर पाकीट आहे. अण्णांनी फोडलेलं नाही. विचारतही नाहीत क्लिपचं. गुडघा सुजलाय, डॉक्टरांना उद्या दाखवायचाय.
आत्ता आतून हाक मारली. मी दचकून लॅपटॉप मिटला. "काय करतेयस?" म्हटलं, काम. "हं. कर," म्हणाले.
क्लिप तशीच आहे, न कापलेली, न टाकलेली. दोन मिनिटं चाळीस सेकंद.