आमेनपर्यंतचा सूर

२ सप्टेंबर

ति. दादास,

स. न. वि. वि. तुझा फोन उचलला नाही, कारण तू विचारणार आणि मी रडणार. म्हणून लिहिते.

आपल्या चर्चला शंभर वर्षं होताहेत, म्हणून मी हौसेनं माझ्या हाताच्या इशाऱ्यावर गाणाऱ्या क्वायरसाठी आठ आवाजांचं स्तोत्र घेतलं. बारा मिनिटं वाद्याशिवाय गायचं आणि शेवटच्या ‘आमेन’ला ऑर्गन येऊन मिळतो. तिथेच सगळं अडलंय. गाता गाता आमचा सूर थोडा थोडा खाली घसरतो आणि ऑर्गन वाजला की पितळ उघडं पडतं. गेल्या तालमीत ऑर्गनवाले काका हात उचलून म्हणाले, मी कुठल्या सुरात येऊ ते तरी ठरवा. फादर म्हणतात, महिनाअखेर जमलं नाही तर नेहमीचं साधं गीत घेऊ.

खरं लिहू? मला वाटतं, सूर आईमुळे उतरतो. मधल्या रांगेत ती उभी असते, तिकडूनच मला तो ऐकू येतो. तिचा आवाज थकलाय. पण बाबा गेल्यावर ती त्या रांगेच्या आधारानं तर सावरली. तिथून तिला मी उठवू? दिवसभर दुकानात औषधं देते आणि तेच वाक्य मनात जुळवत बसते. एकदा खोकल्याऐवजी पोटाचं औषध दिलं.

आहे तेवढा लोभ सांभाळून ठेव, लवकरच लागणार आहे.
तुझी धाकटी

९ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अ. आ. तोंड उघडायला घाबरणारी माणसं माझ्या दवाखान्यात रोज येतात. त्यात आता घरातलीही भर पडली.

दात काढताना मी पेशंटला दुखणार नाही असं कधी सांगत नाही. थोडं दुखेल म्हणतो आणि काम उरकतो. आईला तूच सांग. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती तुझ्याशी बोलणं टाकेल आणि मुक्काम माझ्याकडे हलवेल. मात्र आधी तिलाच विचार, सूर कुठे उतरतो म्हणून. तिचे कान आपल्या दोघांपेक्षा तिखट आहेत.

लोभ शाबूत आहे, काळजी करू नकोस.
दादा

१७ सप्टेंबर

चि. बाळास,

अ. आ. मी बरी आहे. गुडघे आपलं काम करतात, म्हणजे दुखतात.

धाकटीनं मला काल क्वायरमधून उठवलं. विचारलं काहीच नाही, एका दमात सांगितलं आणि स्वतःच रडली. हे तुझ्या सांगण्यावरून झालं, हेही मला कळलंय. असो.

आता तू ऐक. गेल्या उन्हाळ्यापासून मी गातच नाही. आवाज गेला, हे मला घरी भांडी घासताना कळलं. तेव्हापासून रांगेत नुसते ओठ हलवते. न गाणाऱ्या बाईमुळे सूर कसा उतरेल? उतरतो तो धाकटीमुळे. हातवारे करताना ती तोंडातल्या तोंडात सगळ्यांचंच गाते. दमली की तिचा सूर खाली येतो आणि पुढची रांग तिलाच धरून चालते. काल मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते, तरी सूर घसरलाच. पोरीचा चेहरा बघवत नव्हता.

मी सांगितलं तर ती विचारेल, इतके दिवस तुला माझा सूर कसा ऐकू आला, तू तर गात होतीस. मग माझी लबाडी उघडी पडेल, आणि ती जागा कायमची जाईल. मला ती जागा हवी आहे रे. तिथे उभी राहिले की घरी एकटी आहे हे विसरते. म्हणून तू तिला पहिली गोष्ट सांग. दुसरी पोटात ठेव.

आईवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी आई

६ ऑक्टोबर

ति. दादास,

स. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला. मग आरशासमोर उभी राहून हात हलवून पाहिले. खरंच गुणगुणत होते. तुला हे कुणी सांगितलं, ते विचारत नाही. आईची माफी मागितली आणि परत चल म्हटलं. ती चष्मा पर्समध्ये टाकून माझ्याआधी दारात जाऊन उभी राहिली.

शताब्दीच्या उपासनेच्या दिवशी दुकानातली घशाची गोळी जिभेखाली ठेवली, म्हणजे तोंड बंद राहील. दातांवरचं भाषण नंतर दे. ऑर्गनवाले काका पट्ट्यांवर बोटं टेकवून माझ्याकडे रोखून बघत होते. ‘आमेन’ जवळ आला. आणि दादा, ऑर्गन असा मिळाला की तो कधी सुरू झाला तेच कळलं नाही. फादर पुढच्या प्रार्थनेला उठायचं विसरून बसूनच होते.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. मी गप्प राहिले म्हणून मला पहिल्यांदा एकेक आवाज वेगळा ऐकू आला. खर्जातला पोस्टमन, वरच्या सुरातली शिंपीणबाई. आईच्या जागेवरून काहीच येत नव्हतं. ओठ मात्र प्रत्येक शब्दावर बरोबर हलत होते, आणि चेहरा असा की मी इतकी वर्षं तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं असं वाटलं. शेवटी शेवटी ती गोळी खारट लागायला लागली.

पुढच्या तालमीच्या रांगा लावून झाल्यात. मधली जागा तिचीच आहे, ती उभी राहू शकते तोवर. मला कळलंय, हे तिला कळू देऊ नकोस.

लोभ असू दे, आणि तोंड बंद.
तुझी धाकटी