वीस मिनिटांची बाटली

लातूर,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

सौ. रेणुकावहिनींस,
दामिनीचे शरणु शरणार्थ.

पत्र बघून दचकाल. हल्ली पोस्टमन दारात आला की माणसं आधी घाबरतात. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि ते बरोबरच आहे.

हदगावला सगळे बरे असतील. तुमच्या बाबांचा गुडघा कसा आहे? इकडे मी ठीक. गावभर डाळमिली आणि आमच्या मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते. डिप्लोमाचं दुसरं वर्ष चालू आहे. सकाळी जनावरांच्या दवाखान्यात प्रॅक्टिकल असतं. शेपटीच्या बुडाशी बोट ठेवून नाडी मोजायची, ताप घ्यायचा, जखमा धुवायच्या, डॉक्टर सुई लावत असताना जनावर धरायचं. परवा एका शेळीचा पाय बांधला तेव्हा सर म्हणाले, "बिरादार, हात हलका आहे तुझा." मला रडूच फुटलं. मैत्रिणींना वाटलं, कौतुकानं रडते आहे.

संक्रांतीला तुमचा एकच मेसेज आला होता. "कालवड दूध पिते का?" मी उत्तर दिलं नाही. वहिनी, कालवड त्याच्या चार दिवस आधीच गेली होती. तुम्ही तिला मांडीवर मान घेऊन बाटलीनं पाजत होता. तुम्हाला माहेरी पाठवल्यावर आईनं दोन दिवस पाजलं, मग हगवण लागली. मी इथं होते. तुम्ही रागवाल म्हणून नाही, तुम्ही रडाल म्हणून गप्प बसले.

गप्प बसण्यात मी आता चांगलीच तरबेज झाले आहे.

येळवशीचं, त्या वेळा अमावस्येच्या दिवसाचं लिहायचं आहे. तीन वेळा कागद घेतला आणि तीन वेळा फक्त मेसच्या वरणावर लिहून फाडला.

त्या दिवशी सगळं गाव आपापल्या शेतात. आपल्या आखाड्यावर कडब्याची कोप, भज्जी-आंबिलीची पंगत, आणि त्या कालवडीची आई, दोन दिवसांपूर्वी व्यालेली गाय, मान पोटाकडे वळवून बसलेली. कान गार. मी बघितलं आणि ओळखलं, अंगातलं कॅल्शियम उतरलंय. ओळखलं याचाच मला केवढा आनंद झाला! गावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. तेही त्यांच्या शेतात होते. म्हणाले, "कॅल्शियमची बाटली आणून कोमट करून ठेवा. मी अर्ध्या तासात येतो. तू लावू नको."

हे शेवटचं वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.

दादा उदगीरहून बाटली घेऊन आला. तोवर लोक पंगत सोडून गायीभोवती जमले होते. गुरम्मा आजी म्हणाली, "आता आमची डाक्टरीण उठवतीया बघा गायीला." झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. कॉलेजात बघितलं होतं, बाटली संपता संपता गाय धडपडत उठते आणि मालक हात जोडतो. मला ते सगळ्या गावासमोर हवं होतं. मानेच्या शिरेत सुई बरोबर बसली. ती बाटली वीस मिनिटं तरी घ्यायला हवी असते, थेंब थेंब, आणि सोडताना कान गायीच्या हृदयावर पाहिजे. स्टेथोस्कोप माझ्या गळ्यातच होता. फोटोत छान दिसतो.

बाटली तुमच्या हातात होती. तुम्ही म्हणाला, "ताई, हळू सोडा की. आमच्याकडं डाक्टर लई हळू सोडतात, बघितलंय मी."

आणि मी म्हणाले, "मला शिकवू नका. वर धरा. आणखी वर."

तुम्ही वर धरली. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. गाय थरथरली, एकदा हंबरली आणि पाय ताणून पडली. तुम्ही बाटली तशीच वर धरून उभ्या होता. मी "खाली घ्या" म्हणायलाही विसरले.

डॉक्टर आले. विचारलं, "किती वेळात सोडली?" मी म्हणाले, "वीस मिनिटं." आणि त्यांनी आणखी काही विचारायच्या आत पुढचं बोलले, "सर, वहिनींनी चीक सगळा काढला होता." ते नुसते हं म्हणाले. पण आईनं ऐकलं, गावानं ऐकलं. खरवस अकरा घरी द्यायचा म्हणून सगळा चीक काढायला आईनंच लावलं होतं. "कासेत थोडा ठेवते," असं तुम्ही दोनदा म्हणाला होता. पण संध्याकाळपर्यंत तुम्ही पांढऱ्या पायाच्या ठरलात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि चोर कोपीत बसून आंबील पीत होता.

तुम्ही स्वतःलाच दोष देत असाल तर हे नीट वाचा. सगळा चीक काढल्यानं गाय बसू शकते, हे खरं. पण बसलेली गाय उठते. आपली उठली असती. अर्धा तास थांबले असते तर उठली असती. ती चिकानं मेली नाही, तुमच्या हातानंही नाही. ती मी मारली.

तीन आठवड्यांपूर्वी हे आईला फोनवर सांगितलं. वाटलं, ती दादाला लगेच हदगावला पाठवेल. तिनं आधी विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंस का?" मग म्हणाली, "झालं ते झालं. तोंड उघडलीस तर तुझं शिक्षण बी जाईल अन् ठरलेली सोयरीक बी मोडंल. तिचं काय, तिला तिचे मायबाप हायत." अप्पा गेल्यापासून घरात तिचाच शब्द चालतो, आणि दादा तुम्हाला माहीतच आहे, ऐकून मान खाली घालतो. पण सगळं आईवर ढकलणं खोटं होईल. तिनं गप्प राहा म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं, वहिनी. त्या रात्री मला छान झोप लागली. याची लाज मला गायीपेक्षा जास्त वाटते.

काल कळलं की येत्या रविवारी तुमच्याकडे बैठक आहे आणि गोष्ट सोडचिठ्ठीपर्यंत आली आहे. म्हणून हे लिहिते आहे. मल्लिकार्जुनकाका मध्यस्थीला येतील तेव्हा पत्र त्यांना मोठ्यानं वाचायला लावा. आईच्या हातात देऊ नका, ती गाळून वाचेल.

हेच सगळं लिहून काल कॉलेजातल्या सरांना दिलं. शिकाऊ मुलीनं डॉक्टर नसताना शिरेत सुई लावायची नसते, हा पहिल्या वर्षाचा पहिला नियम. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "सोमवारी प्राचार्यांकडे चल. बॅग भरून ठेव." मी भरली आहे.

परत या, असं मी म्हणणार नाही. ज्या घरानं एका गायीपायी तुम्हाला बाहेर काढलं आणि खरं कळल्यावरही बोलावलं नाही, तिथं तुम्ही का यावं, याचं उत्तर मला सापडत नाही. यायचं असेल तर मान ताठ ठेवून या. नसेल यायचं, तर निदान दोष इथंच ठेवून जा. तो तुमचा नाही.

नाव पूर्ण लिहिते, म्हणजे बैठकीत कुणी दुसरी दामिनी शोधणार नाही.

गाय मारून तुमच्या नावावर घातलेली,
दामिनी विरूपाक्ष बिरादार