चौकटीतली मधली बाई

सायगॉन, ३ ऑक्टोबर १९९७

ति. थोआताईस,
धाकट्या लामचा सा. न. वि. वि.

बसवाल्याबरोबर धाडलेलं चित्र पोचलं असेल. काच फुटली असेल तर फेरीबोटीला शिव्या दे, मला नको. मी सध्या फ्रेमच्या दुकानात चिकटलोय. परदेशी चित्रकारांची छापील चित्रं चौकटीत बसवायची आणि नव्या घरवाल्यांना विकायची. एकेक रंग असा की डोळे चोळावेत. तुला पाठवलंय त्यात तीन बाया झाडाखाली उभ्या आहेत. कडेच्या दोघी निळ्या, मधली लालभडक, केस हिरवे. मालक म्हणतो, हिरवे केस कळायला शिक्षण लागतं. मी म्हटलं, मग तुम्हाला कसे कळले? त्यावरून दोन दिवस अबोला होता. असो, कुठं भरकटलो.

काम असं, की अकराव्या चांद्रमहिन्यात बाबांचं दुसरं वर्षश्राद्ध. सुतक सुटणार, माती देताना डोक्याला बांधलेल्या सुतकाच्या पांढऱ्या पट्ट्या अंगणात जाळणार. मी तेव्हा नव्हतो, म्हणून माझी पट्टी बाबांच्या फोटोपुढच्या ताटात घडीसुद्धा न मोडता पडून आहे. ती जळण्याआधी एकदा डोक्याला बांधायचीय. दादाचा उंबरा मला बंद आहे. तू त्याच्या कानावर घाल. तुझं तो ऐकतो.

लोभ आहेच, तो चित्रानं वाढावा.
लाम

सा डेक, ११ ऑक्टोबर

चि. लाम यास,
अ. आ.

अक्कल गहाण टाकून दुकानात लागलास का रे? एका चौकटीत तिघी! तिघांचा फोटो काढला की मधला आधी जातो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या लग्नात आपण तिघं भावंडं फोटोला उभी राहिलो, तेव्हा बाबांनी शेजाऱ्याचं कुत्रं ओढत आणून पायाशी बसवलं होतं, चौथं म्हणून. विसरलास? दादा थोरला, तू धाकटा. मधली कोण, ते सांगायला सासूबाईंना बोटं मोजावी लागली नाहीत. त्यांनी चित्रावर टॉवेल टाकलाय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की सुनेच्या भावानं सुनेचं मरण काचेत घालून पाठवलंय.

दादाला विचारलं. म्हणाला, बापाला मातीत उतरवताना जे डोकं हजर नव्हतं त्या डोक्याला पट्टी कशाला? तुला असंच्या असं सांग म्हणाला, म्हणून सांगितलं. तू म्हणतोस दादाला सांग, दादा म्हणतो लामला सांग. आणि मी दिवसभर होडीत उभी राहून पाण्यावरच्या मचाणांवर मांडलेल्या शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालते. मला काम नाही असं दोघांनाही का वाटतं?

प्रकृतीस जप. दुसऱ्यांच्याही.
थोआ

सायगॉन, २० ऑक्टोबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या बाया परमुलखातल्या. त्यांना काय माहीत आपल्याकडे कितीजणींनी उभं राहायचं ते! एवढंच असेल तर परत पाठव, कोपऱ्यात चौथी रंगवून देतो. नाहीतर मांजर. मांजर मला बरं जमतं. परवा दुकानाच्या दारावर काढलं तर खरं मांजर येऊन त्यावर फिस्कारलं.

आता दादाचं. मी राच जा बंदराच्या मासेमारी बोटीवर होतो हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं. दादानं तार धाडली ती मी सोडून दिलेल्या खोलीच्या पत्त्यावर. मी किनाऱ्याला लागलो तेव्हा बाबांच्या मातीवर गवत उगवलं होतं. त्याला सांग, की तुला एकुलता एक मुलगा म्हणून मिरवायचं होतं, म्हणून घाई केलीस. अगदी याच शब्दांत सांग. तुझी सवय मला माहीत आहे, माझं तिखट त्याच्यापर्यंत जाताना साखर होतं.

राग निवळेपर्यंत लोभ राखून ठेव.
लाम

सा डेक, २ नोव्हेंबर

चि. लाम यास,
अ. आ.

सांगितलं. साखर घातली नाही. दादानं हातातला चहाचा पेला माझ्या पायाशी फोडला. फोडायचा होता तुझ्या डोक्यात, पण तू सायगॉनला आणि मी समोर. वहिनी म्हणाली, वन्सं, तुम्ही तरी कशाला असलं घेऊन येता? काच मीच वेचली.

घरी येऊन चित्र चौकटीतून काढलं आणि शेवंती कापायच्या सुरीनं त्याचे तीन उभे तुकडे केले. सासूबाई किंचाळल्या, की बये, स्वतःलाच कापलंस! मी म्हटलं, एकटी उभी आहे तिला मधली कोण म्हणेल? त्यांनी टॉवेलाची घडी घातली आणि म्हणाल्या, चुलीपासून लांब लाव, धुरानं लाल रंग काळवंडेल.

डावी निळी दादाकडे पाठवली. उजवी या पाकिटात आहे. कडेच्या दोघी एकमेकींना काय सांगायचं ते सांगोत. यापुढे त्याचं तुला आणि तुझं त्याला मी नेणार नाही. त्याचा पत्ता बदललेला नाही.

लोभ होता तेवढाच आहे, घटलेला नाही. पण उसना मागू नकोस.
थोआ

सायगॉन, ९ नोव्हेंबर

ति. हुअनदादास,
शि. सा. न.

ताई आता मध्ये नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. तारेच्या पत्त्याबद्दल मी जे कळवलं ते मागे घेत नाही. तुम्हीही पेल्याबद्दल काही म्हणू नका, तो मला लागला असं समजतो.

श्राद्धाच्या दिवशी पहिल्या बसनं येईन. बोलावणं नाही हे ठाऊक आहे. उंबरा ओलांडणार नाही, पंगतीला बसणार नाही, कारल्याच्या रश्श्याचा वाससुद्धा घेणार नाही. पट्ट्या जाळायला ताट अंगणात येईल, तेव्हा मी कुंपणाच्या आत उभा असेन. अंगण बाबांचं आहे.

पट्टी मी स्वतः उचलून बांधली असती. पण ती आपल्या हातानं बांधत नाहीत, मोठ्या माणसानं बांधायची असते, आणि घरात मोठे आता तुम्हीच. गाठ मागून मारतात. मी तुमच्याकडे पाठ करून उभा राहीन. म्हणजे तुम्हाला माझं तोंड बघावं लागणार नाही, आणि मला तुमचं.

लोभाचं तुम्ही बघा. गाठ घट्ट मारा.
लाम